रात्रपाळीचं घर

मी हात वर केला आणि कुणीच थांबलं नाही.

हात बरोबर वर केला होता. तळवा समोर, बोटं जुळलेली, कोपर सरळ. आमच्या घरी असा हात वर झाला की चालणारा माणूस जिथल्या तिथे थांबतो, उचललेली खुर्ची हवेत राहते, शिंकसुद्धा नाकाच्या मुळाशी अडवली जाते. मनोरंजन उद्यानातली ही झुलती होडी मात्र थांबली नाही. ती माझ्यासमोरून मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली, आणि दर खेपेला आधीपेक्षा थोडी वर. मधल्या बाकावर कॉमर्सची मुलगी बसली होती. तीही माझ्यासारखीच इथे कामासाठी निवड व्हावी म्हणून आली होती; सकाळी फाटकापाशी आमची ओळख झाली तेव्हापासून ती बोलतच होती, आणि आताही बोलत असावी, कारण तिचं तोंड हलत होतं. तिच्या कमरेचा पट्टा सुटला होता. त्याचं टोक बाकावरून खाली लोंबत होतं आणि होडीबरोबर, पण होडीच्या जरा मागून, झुलत होतं. मला ते स्वच्छ दिसत होतं. ते मागून का झुलतंय हेही मला सांगता आलं असतं. कॉलेजात मी भौतिकशास्त्रच शिकते. घशात काहीतरी जमा झालं, वर आलं आणि दातांपाशी येऊन नेहमीसारखं विरून गेलं. मी हात आणखी उंच केला. मला बघून होडीतल्या सगळ्यांनी आपापले हात वर केले आणि आनंदाने किंकाळ्या मारल्या.

होडी थांबली ती काचेच्या केबिनमधल्या माणसाने बटण दाबलं म्हणून. या माणसाला इथे सगळे भोंगा म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि तोही ओ देतो. झुलत्या होडीचा तो प्रमुख. तो केबिनमधून बाहेर आला, फलाटावर माझ्यासमोर उभा राहिला आणि माझ्या अजून वरच असलेल्या हाताकडे बघू लागला. मी हात खाली घेतला.

"मॅडम, टाटा कुणाला करत होतात?"

"पट्टा सुटला होता."

"मला माहीत आहे. मीच तिला सोडायला सांगितला. मांडीवरचा दांडा घट्ट होता, पडणार कुणी नव्हतं. पण तुम्हाला ते ठाऊक नव्हतं ना? मग तुम्ही काय केलंत?"

"हात वर केला."

"हात." तो इतर उमेदवारांकडे वळला, जणू हा शब्द त्यांनीही एकदा बघून घ्यावा. "अहो, इथे दिवसभर लोक दुसरं काय करतात? हात वर म्हणजे मजा येतेय. मला काचेतून हात दिसला तर मी काय समजू? अजून जोरात ने, असं समजू. थांबवायचं असेल तर ओरडायचं. थांबवा! एवढा एक शब्द. फलाटावरच्या माणसाला पगार त्या एका शब्दाचा आहे. पट्टे काय, माकड ठेवलं तरी तपासेल."

त्याच्या त्या 'थांबवा'ने पलीकडच्या आइसक्रीमच्या गाड्यावरच्या माणसाने दचकून मागे बघितलं. माझ्या छातीच्या हाडात तो शब्द अजून थरथरत होता. कॉमर्सची मुलगी होडीतून उतरून माझ्या दंडाला लटकली. "अगं बाई, तू तर मला मारलंच असतंस! आणि मी तुला एवढं हसून दाखवत होते!" तिला राग आला नव्हता. मला वाटलं, हिला राग आला तरी तो तेवढ्यात बोलून संपत असेल, आणि तिचा मला थकल्यासारखा हेवा वाटला.

आमचं घर रात्रपाळीचं आहे. म्हणजे होतं. बाबा वर्तमानपत्राच्या छापखान्यात यंत्रावर होते. संध्याकाळी जायचे, उजाडल्यावर यायचे, अंघोळ करून झोपायचे. दोन खोल्यांचं घर, त्यातल्या आतल्या खोलीत बाबांची झोप आणि बाहेरच्या खोलीत आमचं बाकीचं सगळं आयुष्य. आईने ते आयुष्य हळूहळू बिनआवाजी करत नेलं. ओट्यावर घडी घातलेलं फडकं, त्यावर भांडी. कुकरची शिट्टी वाजायच्या आत ती चिमट्याने उचलून वाफ थोडी थोडी सोडून द्यायची. दाराच्या कडीला सुतळी गुंडाळलेली. बेल काढून टाकलेली. ओळखीची माणसं खिडकीच्या गजावर नखाने टिचकी मारत, अनोळखी माणसं परत जात. बादलीत आधी ओला कपडा टाकायचा आणि मग नळ सोडायचा, म्हणजे धार पडल्याचं कळत नाही. हसायचं खांद्यांनी. तळवा वर म्हणजे थांब, दोन बोटं ओठांना म्हणजे जेवायला ये, कानाची पाळी धरली म्हणजे बाबा उठले. आई आणि ताई यांचं एकदा कडाक्याचं भांडण झालं, ताईला दुसऱ्या गावी नोकरीला जायचं होतं त्यावरून, तेही पूर्ण हातांनी. मी दाराशी बसून दोघींच्या हातांकडे आलटून पालटून बघत होते. शेवटी ताईने दोन्ही हात झटकले, म्हणजे संपलं, आणि आईने मनगटाने डोळे पुसले; वाजतात म्हणून बांगड्या तिने केव्हाच काढून ठेवल्या होत्या. ताई गेली. आता तिचा फोन आला की आई रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरते, इतकी ताई मोठ्याने बोलते. एकदा मला म्हणाली, "त्या घरात मी श्वाससुद्धा चवड्यांवर घेत होते गं. तू कशी राहतेस?" मी म्हटलं, सवय. ती म्हणाली, "काय? मोठ्याने बोल!"

शाळेत बाई म्हणत, हिला तोंड दिलंय की नाही देवाने. प्रयोगशाळेत मात्र कुणी काही म्हणालं नाही. तिथे काटा स्थिर होईपर्यंत वाट बघणाऱ्या माणसाची किंमत असते; मला वाट बघता येत होती, आणि श्वास रोखून धरायचा सराव तर लहानपणापासूनचा. सर इतरांना सांगत, हिच्यासारखं काम करा. मी त्यावर खूश होते आणि दमतही होते. घरी जाऊन पुन्हा तेच, काटा स्थिर ठेवायचा. गेल्या वर्षी बाबा निवृत्त झाले. मला वाटलं होतं, आता काहीतरी बदलेल. पहिल्या दिवशी बाबा सकाळी खुर्चीत बसले, दुपारी खुर्चीत बसले, संध्याकाळी बूट घालायला उठले आणि आठवण होऊन पुन्हा बसले. घरात ते अनवाणी फिरतात. पानं उलटताना वर्तमानपत्र मांडीवर सपाट दाबून धरतात, म्हणजे कागद वाजू नये. आई अजून शिट्टी चिमट्याने उचलते. मी त्यांच्याशी काही बोलले तर हळू बोलते आणि ते बहुतेक वेळा उत्तर देत नाहीत. एवढी वर्षं दिवसा झोपलेल्या माणसाशी दिवसा काय बोलायचं हे आम्हा दोघींना माहीत नाही आणि त्यांनाही. जागा माणूस, आणि त्याच्याभोवती अजून त्याच्या झोपेची राखण चाललेली. कधी कधी मला वाटतं, ते झोपलेले होते तेव्हा आम्ही त्यांच्या जास्त जवळ होतो.

म्हणून हा अर्ज. विद्यार्थ्यांना सुट्टीत काम द्यायची या उद्यानाची योजना आहे. कॉलेजच्या फळ्यावर तिचा कागद लागला होता, त्यावर हसणाऱ्या मुलामुलींचं चित्र. मला चित्राशी कर्तव्य नव्हतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की राइडवर काम करणाऱ्यांना आवारातच राहायला जागा मिळेल, कारण फाटक उघडायच्या कितीतरी आधी त्यांना एक एक बोल्ट तपासावा लागतो. राहायला जागा. मी ते दोनदा वाचलं. घर सोडायला कारण लागतं, आणि ते असं लागतं की मागे राहिलेल्यांपैकी कुणालाही स्वतःकडे बघावं लागू नये. ताईने तसं कारण न देता, भांडून घर सोडलं आणि आई कितीतरी दिवस रात्री तिच्या रिकाम्या गादीवर हात ठेवून झोपली. माझ्याकडे आता छापील कारण होतं. शिवाय पुढे यंत्रविभागात कायमची जागा मिळण्याचा संभव. आईला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. तिने सुरी फळीवर टेकवली, आवाज न करता, आणि कुजबुजली, "जा की. का नाही?" आणि पुन्हा चिरायला लागली. ती एवढ्या पटकन हो म्हणाली की मला अपराधी वाटायलाही नीट वेळ मिळाला नाही. तो मी नंतर बसमध्ये काढला. मी गेल्यावर हे दोघं एकमेकांशी कशाने बोलतील? आईचं बाबांकडे आणि बाबांचं आईकडे जे काही जातं ते माझ्यातून जातं, तारेतून जावं तसं. तार काढली तर? पण तारेलाही थकवा येतो. अभ्यासक्रमात आहे ते, धातूच्या थकव्याचं एक आख्खं प्रकरण.

जेवायच्या सुट्टीत उमेदवारांची निवड करणाऱ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. त्यांच्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर अस्वलाच्या सोंगाचं एक मोठं कापडी डोकं ठेवलं होतं, आणि बोलताना त्या मधून मधून त्याच्या कानावर हात फिरवत होत्या.

"हे बघा, होडीचं काही जमेलसं दिसत नाही. पण नाराज होऊ नका. आमच्याकडे अस्वल आहे."

"मी?"

"तुम्हीच. आत बसलेल्याने बोलायचं नसतं, तो पहिला नियम. मुलं चिमटे काढतात, पोटात गुद्दे मारतात, तरी तोंडातून हूं की चूं नाही. मोठमोठी बडबडी पोरं पहिल्याच दिवशी आतून ओरडतात. तुम्ही सकाळपासून बोलल्याच नाहीत. हात मात्र छान करता. मी खिडकीतून पाहिलं, तो हात अगदी अस्वलाचाच वाटला मला."

त्यांनी हे कौतुकाने म्हटलं होतं. मी विचारलं, अस्वलाला राहायला जागा असते का. त्या हसल्या. "नाही हो. अस्वल दुपारी येतं आणि संध्याकाळच्या बसने घरी जातं."

मी त्या डोक्याच्या आत बघितलं. आत पिवळट स्पंज होता, कुणाच्या तरी घामाचा वास होता, आणि तोंडाच्या जागी बाहेर बघायला एक काळी जाळी. मला त्यात शिरल्यासारखं वाटलंच, आणि वाईट हे की ते सोयीचं वाटलं. आत काळोख, ऊब, कुणी काही विचारणार नाही. संध्याकाळी बस. खिडकीच्या गजावर टिचकी. मी माझ्याच आवाजाची वाट बघत उभी राहिले, जशी काट्याची बघते तशी, आणि मग हळूच म्हटलं, "मला होडीवर पुन्हा एकदा बघाल का?" बाई म्हणाल्या, "काय? मोठ्याने बोला." मी पुन्हा म्हटलं. त्यांनी खांदे उडवले. "भोंग्याला विचारा. त्याचा दिवस, त्याची होडी."

भोंगा पायरीवर बसून डबा खात होता. त्याने ऐकून घेतलं, घास संपवला. "सुट्टीनंतर एक फेरी. पण मी दया-बिया दाखवणार नाही. तुमच्या लाजण्यापायी उद्या कुणाचं पोर खाली आलं तर माझी झोप जाईल, तुमची नाही." झोप हा शब्द त्याने उगाच वापरला होता, त्याला काय माहीत. कॉमर्सची मुलगी मला ओढतच सामानाच्या शेडमागे घेऊन गेली. तिला सकाळीच तिकीटखिडकीवर घेतलं होतं, आणि आता तिला माझी काळजी करायला मोकळा वेळ होता.

"ओरड."

मी तोंड उघडलं. हवा बाहेर गेली.

"अगं, हे काय? चष्मा पुसतेयस का? मला शिवी दे बरं. एखादी घाणेरडी."

"येत नाही."

"एकही? मग शिकलीस काय एवढी वर्षं!" तिने स्वतःच एक हासडली, इतकी खणखणीत की शेडच्या आतून कुणीतरी उलट दिली. ती पोट धरून हसली. मीही हसले, खांद्यांनी. तिचं हसू थांबलं. ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "तू अशीच हसतेस? नेहमी?" मला आठवलं की आई हसताना कशी दिसते हे मला माहीत आहे; तिचे खांदे, मान, डोळ्यांच्या कडा. पण ती कशी ऐकू येते हे मला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत मी तिला एकदाही ऐकलं नव्हतं. उन्हाने शेडचा पत्रा तडतडत होता, आणि मला फार झोप आल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या फेरीला उमेदवार पुन्हा होडीत बसले, कॉमर्सची मुलगीही हौसेने मधल्या बाकावर चढली. मी एकेका बाकापाशी जाऊन पट्टे ओढून बघितले, दांडे खाली दाबले, खटका बसल्याचा आवाज ऐकला. मनात मी तो शब्द धरून ठेवला होता. पट्टा सुटेल, कुणीतरी उभं राहील, आणि मग मी. शेवटच्या बाकाचा दांडा अजून वर होता. मी तिकडे जात होते, 'तयार' म्हणायला अजून वेळ होता. तेवढ्यात माझ्या बाजूने फळ्या सरकल्यासारखं झालं. होडी हलली. भोंग्याने माझी वाट न बघताच ती सोडली होती. शेवटच्या बाकावरचा माणूस उघड्या दांड्याखाली बसून हातांनी बाकाची कड शोधत होता, आणि होडीचं टोक माझ्याकडे येत होतं. मी काही ठरवलं नाही. मान्य करायला हवं की माझा हातसुद्धा वर गेला. पण त्याच्याही आधी, किंवा त्याच्याबरोबर, पोटातून काहीतरी फाटत वर आलं आणि बाहेर पडलं.

"थांबवा!"

तो माझा आवाज आहे असं मला वाटलं नाही. जाड होता, घोगरा, कडेला चिरलेला. माझ्यापेक्षा पुष्कळ मोठ्या बाईचा. होडी कचकन थांबली. आइसक्रीमवाल्याने पुन्हा मागे बघितलं. आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती भीती, साधी, जुनी: कोण जागं झालं? मी खरोखरच इकडे तिकडे बघितलं. कुणी झोपलेलं नव्हतं. दुपारचं ऊन होतं, दूरच्या राइडवरून किंकाळ्या येत होत्या, आणि माझ्या आवाजाने कुणाचं काहीही मोडलं नव्हतं.

भोंग्याने केबिनमधून डोकं बाहेर काढलं. "आता कसं! कुठे पुरून ठेवला होतात हा?" मग त्या शेवटच्या बाकावरच्या माणसाकडे बघून म्हणाला, "उतर रे, तुझं काम झालं," आणि तो माणूस, जो त्याच्याच हाताखालचा होता, अंग झटकत उतरला. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. निवडीच्या बाईंनी मला राहायच्या जागेच्या किल्लीची पावती दिली आणि सोमवारी सामान घेऊन यायला सांगितलं. अस्वलासाठी त्यांना आता दुसरं कुणी शोधावं लागणार होतं, याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

फाटकाजवळच्या बाकावर बसून मी घरी फोन लावला. आईने उचलला आणि नेहमीसारखी काही बोलली नाही, फक्त तिचा श्वास.

"आई, घेतलं मला."

"राहायच्या जागेसकट?"

"हो. सोमवारपासून." मग मी बसमध्ये तयार केलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं, की मी दर सुट्टीला येईन, की बाबांना एकटं वाटू देऊ नकोस, की त्यांच्या झोपेची सवय—

"त्यांच्या झोपेचं काय घेऊन बसलीस," आई म्हणाली. "त्यांना कुठे ऐकू येतं."

"म्हणजे?"

"कान केव्हाच गेलेत त्यांचे. यंत्राने नेले. ढोल वाजवलास तरी कूस बदलायचे नाहीत."

"तुला माहीत होतं?"

"मला माहीत नसणार? तू शाळेत होतीस तेव्हापासून. त्यांनी कुणाला सांगू नको म्हटलं, कामावर कळलं तर यंत्रावरून काढतील म्हणून."

"अगं, मग आपण... मग तू एवढी वर्षं..."

"मग तुझी शाळेची शेवटची परीक्षा आली ना. मग कॉलेज. तुझा अभ्यास असा, की टाचणी पडली तरी मान वर करणार. ते सुद्धा बिचारे अनवाणी फिरतात. पोरीचं लक्ष जाईल म्हणतात." मग जरा लाजल्यासारखी म्हणाली, "खरं सांगू का? तू गेलीस की मी एक दिवस सगळी भांडी काढणार आहे. नुसती आपटून आपटून घासणार आहे. आणि कुकरच्या शिट्ट्या होऊ देणार आहे, होतील तेवढ्या. दमले गं मी हळू वागून वागून."

माझ्या समोरून एक मूल आईचा हात ओढत, किंचाळत आत जात होतं, आणि त्याची आई त्याच्याहून मोठ्याने त्याच्यावर ओरडत होती. मी बाबांच्या झोपेची राखण केली होती आणि ती दोघं माझी. घरात झोपलेलं कुणीच नव्हतं. आता मी नसताना ते घर वाजणार होतं, आणि ते कसं वाजतं हे मला कळणार नव्हतं. मला एकाएकी ते कुठल्याही जागेपेक्षा, कुठल्याही किल्लीपेक्षा हवंसं झालं.

"आई," मी म्हटलं, "आत्ताच आपट ना एखादं भांडं. फोनजवळ. मला ऐकू दे."

"आत्ता?"

"आत्ता."

पलीकडे ती विचार करत होती. ती ओट्याकडे बघते आहे हे मला तिच्या श्वासावरून कळत होतं.

"छे गं," ती शेवटी कुजबुजली. "तू असताना कसं?"

आणि तिने फोन इतका हलकेच ठेवला, की तो ठेवला गेल्याचं मला कितीतरी वेळ कळलंच नाही.